कमरेचा कोयता आणि चामड्याचं म्यान



एरवी आपण इथे रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड आणि पावसाळ्यातले ताप यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मी गेलं दीड वर्ष रविवारच्या दुपारी चामड्याची म्यानं शिवायला शिकतो आहे. पोलिसांच्या कमरेला पिस्तूल ज्यात असतं त्याला होल्स्टर म्हणतात. मी शिवतो ती त्याचीच शेतातली भावंडं : कोयत्याचं म्यान, गुलाब छाटायच्या सिकेटरचं म्यान, खुरप्याचं म्यान.

"एमडी मेडिसिन झालेल्या माणसाला हे काय सुचलं?" असं घरच्यांनीही विचारून झालं आहे. पण या छंदाची सुरुवात दवाखान्यातच झाली. त्यातून मला जे कळलं, ते बरंचसं तुमच्या आरोग्याशी संबंधित आहे. म्हणून हा लेख.

मावळातल्या जखमा

लोणावळा म्हटलं की बाहेरच्यांना चिक्की आणि धबधबे आठवतात. इथे दवाखाना चालवणाऱ्याला मात्र दुसरं मावळ दिसतं. इंद्रायणी तांदळाची खाचरं, गुरं, जळणाला जाणारी माणसं, आणि तळेगावपासून पवना खोऱ्यापर्यंत पसरलेली गुलाबाची पॉलिहाऊस. या सगळ्या कामांत धारदार हत्यार लागतं. भातकापणीला विळा, झुडपं तोडायला कोयता, फुलं काढायला सिकेटर.

कापताना होणाऱ्या जखमा आपल्याला माहीत असतात. उजव्या हातात विळा असेल तर डाव्या हाताची बोटं सापडतात. पण जखमी माणसाला "हे कसं झालं?" असं नीट विचारलं तर बरेचदा वेगळंच उत्तर मिळतं. हत्यार त्या क्षणी काम करतच नव्हतं. सिकेटर एप्रनच्या खिशात होती आणि खाली वाकताना टोक मांडीत गेलं. विळा पाटीत गवताखाली होता आणि पाटी उचलताना हात त्यावर पडला. कोयता कमरेला होता आणि बांधावरून पाय घसरला.

म्हणजे दोन कामांच्या मधल्या वेळात हत्यार कुठे ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर कमरेला मागे लाकडी आकडी बांधून त्यात कोयता अडकवायची जुनी पद्धत आहे. त्यामुळे हात मोकळे राहतात, पण पातं उघडंच राहतं.

एक बाबा, एक गोळी, एक कोयता

माझे एक रुग्ण आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सत्तरीच्या पुढे, थोडी शेती, दोन म्हशी. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्यामुळे तिथे रक्त साचतं आणि त्याची गाठ होऊ शकते. ती गाठ सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. ते टाळायला त्यांना वॉरफरिन, म्हणजे लोकांच्या भाषेत 'रक्त पातळ करणारी गोळी', चालू होती. (ही गोळी रक्त पातळ करत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढवते.)

एका पावसाळ्यात बाबा बांधावरून घसरले आणि कोयत्यानं हाताला कापलं. अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. टाके पडले, जखम भरली. दोन महिन्यांनी ते खोकल्यासाठी माझ्याकडे आले, तेव्हा कळलं की त्या दिवसापासून त्यांनी गोळी बंद केली आहे.

मी समजावलं. जखमेतून वाहणारं रक्त डोळ्यांना दिसतं म्हणून त्याची भीती वाटते. मेंदूकडे निघालेली गाठ कुणाला दिसत नाही, पण एका सकाळी अर्धं अंग घेऊन जाते. गोळी घ्यायची असेल तर कोयत्याचं काम मुलाकडे द्या, असंही सुचवून पाहिलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, गोळी तुमची हाय. कोयता माज्या बापाचा हाय."

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तसं झालं होतं. गोळी आणि कोयता यांतलं एक निवडायचं, अशी बाबांची समजूत होती आणि त्यांनी निवडलं होतं. ज्या माणसानं साठ वर्षं कोयता कमरेला लावून घर सोडलं, त्याला 'उद्यापासून लावू नका' म्हणणं म्हणजे 'उद्यापासून घरात बसा' म्हणण्यासारखंच असतं.

मग मी विचारलं, "पडलात तेव्हा कोयता हातात होता का?"

"हातात कशाला? कमरंला."

तिथे मला वाट दिसली. कोयता सोडायची गरज नव्हती. कोयत्याला अंगरखा हवा होता.

शिकायला कुठे बसलो

आमच्या बाजारपेठेत चपला-बूट दुरुस्त करणारे एक चर्मकार काका बसतात. कोयत्याचं म्यान शिवून द्याल का, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आठवड्यात एक गिऱ्हाईक असल्या कामाचं येणार, त्याला मी किती पैसे सांगू? तुम्हीच शिका. रविवारी या." त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी आहे. मी घाई केली की ते म्हणतात, "डॉक्टर, घाई दवाखान्यात करा. इथं नको."

पहिला धडा चामड्याचा होता. चामडं म्हणजे प्राण्याच्या त्वचेचा आतला जाड थर, डर्मिस. तो मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचा बनलेला असतो. तुमच्या-माझ्या त्वचेतही तेच प्रथिन आहे. ते कच्चं ठेवलं तर कुजतं. म्हणून चामडं 'कमावतात', म्हणजे हे धागे एकमेकांना पक्के बांधतात. त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत क्रोमियमचे क्षार वापरतात. हे चामडं मऊ आणि लवचीक असतं. आज जगातलं बहुतेक चामडं असंच तयार होतं. दुसरीत झाडांमधली टॅनिन वापरतात. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावलेलं असतं.

हिरडा म्हटल्यावर मला गंमत वाटली. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं जो हिरडा गोळा करतात, जो त्रिफळा चूर्णात असतो, तोच हिरडा चामडंही टिकवतो. चव घेतली की तोंड आवळून येतं, ते टॅनिनमुळेच. तिथे ते तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना बांधत असतं.

म्यानाला असंच झाडपाल्यानं कमावलेलं, तीन ते चार मिलिमीटर जाडीचं चामडं लागतं. ओलं केलं की ते हव्या त्या आकारात दाबता येतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं मऊ चामडं आकार धरत नाही. टोकदार हत्यारावर ते मोज्यासारखं लोंबतं.

म्यान कसं होतं

सुरुवात सिकेटरच्या म्यानानं करावी. त्याचा आकार सोपा, खाली निमुळता होत जाणारा. आधी पुठ्ठ्यावर नमुना काढायचा. मग रापीनं चामडं कापायचं, कंपासनं कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारायची, त्या रेघेवर चार-पाच मिलिमीटरवर आरीनं भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं.

शिवण दोन सुयांची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. या शिवणीत एक तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. पहिले काही महिने टाके वाकडेतिकडे येतात. ते सगळ्यांचेच येतात.

टाके घालणं डॉक्टरला नवीन नाही, असं तुम्हाला वाटेल. फरक असा की माणसाच्या त्वचेला टाका घातला की पुढचं काम शरीर करतं. भोकं बुजतात, व्रण फिका होतो, सहा महिन्यांनी रुग्णालाही तो शोधावा लागतो. चामडं मेलेलं असतं. आरीनं पाडलेलं भोक कायमचं. जिवंत त्वचा आपली किती कामं निमूट करते, हे मला मेलेल्या त्वचेवर शिवताना जास्त समजलं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग बाहेरून दिसत नाही. चामड्याच्या दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, चामड्याचीच एक अरुंद पट्टी शिवतात. पातं आत सरकताना धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. ही पट्टी नसेल तर काही दिवसांत धार दोरा कापते आणि एक दिवस पातं शिवणीतून बाहेर येतं. बाजारात तयार म्यान घेणार असाल तर आत डोकावून आधी ही पट्टी बघा.

कोयत्याचं म्यान अवघड. कोयत्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे ते सुरीसारखं वरून सरळ सरकत नाही. काकांनी उपाय सांगितला. धारेची बाजू पट्टी घालून बंद शिवायची, पाठीची बाजू उघडी ठेवायची आणि वरून टिचबटणाचा पट्टा घ्यायचा. पातं पाठीच्या बाजूनं आत बसवायचं आणि बटण लावायचं. बाबांचं म्यान याच पद्धतीनं झालं. त्याला पाच रविवार लागले.

बाबांनी ते हातात घेतलं, कोयता सात-आठ वेळा आत-बाहेर केला, बटण ओढून पाहिलं आणि म्हणाले, "बरं हाय." मावळात यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही. मग मी गोळीची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती घेतली. आता दर महिन्याला ते आयएनआरची तपासणी करून येतात. (वॉरफरिनचं प्रमाण बरोबर आहे का, ते या रक्ततपासणीतून कळतं.) मी रिपोर्ट बघतो आणि म्यानाची शिवणही बघतो. धोका पूर्ण गेलेला नाही, कापताना हात अजूनही कापू शकतो. पण पडल्यावर पातं अंगात जायचा धोका कमी झाला, आणि मेंदूला गोळीचं संरक्षण परत मिळालं.

म्यान कमरेला कुठे लावावं

• पुढे, जांघेजवळ लावू नका. जांघेत मांडीची मोठी धमनी त्वचेच्या अगदी जवळ असते. तिथली जखम काही मिनिटांत जिवावर बेतू शकते.
• पाठीच्या बरोब्बर मध्ये लावू नका. ओल्या बांधावर माणूस मागे पडतो, तेव्हा लोखंड थेट मणक्यावर बसतं.
• कुल्ह्याच्या बाजूला, किंचित मागे ही जागा चांगली. वाकल्यावर टोक जमिनीकडे राहिलं पाहिजे, पोटाकडे नाही.
• पट्टा करकचून आवळू नका. घट्ट आणि जड पट्ट्यानं जांघेच्या बाहेरच्या बाजूची एक नस दबते आणि मांडीच्या बाहेरच्या भागाला बधिरपणा, मुंग्या, जळजळ सुरू होते. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. हत्यारांचा जड पट्टा बांधणारे पोलीस, वायरमन, सुतार यांच्यात हा त्रास दिसतो. पोट सुटलेल्यांना आणि मधुमेहींना तो लवकर होतो. बरेचदा पट्टा सैल केला की काही आठवड्यांत बरं वाटतं. कंबरदुखी नसताना फक्त मांडी बधिर होत असेल, तर एमआरआयच्या आधी पट्टा तपासा.

हा छंद करायचा असेल तर

निवृत्तीनंतर हाताला काम हवं, असं विचारणारे बरेच जण भेटतात. चामड्याचं काम चांगलं आहे, पण काही गोष्टी पाळा.

• आरी चालवताना चामडं मांडीवर किंवा तळहातावर धरू नका. खाली लाकडी ठोकळा घ्या. रापी नेहमी अंगापासून दूर चालवा.
• चाळिशीनंतर जवळचं दिसायला चष्मा लागतो. वाचायच्या अंतराचा चष्मा शिवणकामाला पुरतोच असं नाही. किती अंतरावर काम करता ते मोजून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. उजेड भरपूर ठेवा.
• दोरा सतत ओढल्यानं अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. दर वीस मिनिटांनी हात सोडून द्या. बोट वाकून अडकत असेल, सकाळी 'टक्' असा आवाज होऊन सुटत असेल, तर तो ट्रिगर फिंगर असू शकतो. मधुमेहींमध्ये तो जास्त दिसतो. दाखवून घ्या.
• मधुमेहामुळे बोटं बधिर असतील किंवा रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल, तर कापायचं आणि टोचायचं काम दुसऱ्याकडून करून घ्या आणि बोथट सुईनं शिवण तुम्ही करा. गोळी मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका.
• हाताला खाज, भेगा, पुरळ आलं तर क्रोमियमची ॲलर्जी असू शकते. सिमेंटचं काम करणाऱ्या गवंड्यांना होतो तोच हा त्वचारोग.
• लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चामड्याला बुरशी धरतेच. दम्याच्या रुग्णांनी ती घरात झटकू नये. अंगणात, नाकाला मास्क लावून, किंचित ओल्या फडक्यानं पुसावी.
• कोयता रात्रभर म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. म्यान वाहून न्यायला आहे. घरी हत्यार कोरडं पुसून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

आणि सोल्युशनबद्दल. मी रविवारी दोन तास उघड्या खिडकीपाशी बसतो. माझा तो छंद आहे. ज्यांचं त्यावर पोट आहे ते लहानशा बंद खोलीत दिवसभर चिकटवण्याचं सोल्युशन हुंगत असतात. १९६०च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय लुळे पडू लागले. सोल्युशनमधल्या एन-हेक्झेननं त्यांच्या नसा खराब केल्या होत्या. १९७०च्या दशकात इस्तंबूलच्या बूट कारागिरांमध्ये रक्ताचे कर्करोग आढळले. तिथे कारण होतं चिकटद्रव्यातलं बेंझिन. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी हे काम करत असेल आणि त्याच्या पायाला मुंग्या येत असतील, चालताना चप्पल निसटत असेल, तर 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगा. आणि ज्या खोलीत काम चालतं तिथे हवा खेळती ठेवा. काकांच्या टपरीला मागच्या बाजूनं झरोका पाडून घेतला, ती माझी गुरुदक्षिणा.

कापलं तर काय करावं

१. स्वच्छ कापडानं जखमेवर थेट दाब द्या. दहा-पंधरा मिनिटं सलग. 'थांबलं का' म्हणून मध्ये उचलून बघू नका. रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल तर जास्त वेळ दाबा आणि लगेच दवाखाना गाठा.
२. हळद, चहा पावडर, चुना, रॉकेल काहीही भरू नका. रक्त थांबल्यावर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा.
३. बोट वाकवता किंवा सरळ करता येत नसेल, किंवा टोक बधिर असेल, तर स्नायूची दोरी किंवा नस कापलेली असू शकते. जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.
४. बोट तुटून वेगळं झालं तर ते ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. रुग्णाला आणि बोटाला एकत्र, लवकरात लवकर मोठ्या रुग्णालयात न्या.
५. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे शेतातल्या प्रत्येक कोयत्यावर असू शकतात. लसीचे सुरुवातीचे डोस पूर्ण झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. मातीनं भरलेली किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावा लागतो. आधी लस घेतल्याचं काहीच आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कारण मग वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख घरच्या फाईलवर लिहून ठेवा.

शेवटी एवढंच करा. आज घरातली, शेतातली धारदार हत्यारं मोजा. विळी, सुऱ्या, विळा, कोयता, खुरपं, सिकेटर. त्यातलं प्रत्येक हत्यार वापरात नसताना कुठे पडलेलं असतं, ते बघा. ज्याला जागा नाही त्याला जागा द्या. चामड्याचंच म्यान हवं असं नाही. जाड रबरी पाइप उभा चिरून धारेवर बसवला तरी चालतो. आणि घरात कुणा ज्येष्ठ माणसानं एखादी गोळी गुपचूप बंद केली असेल, तर रागावण्याआधी विचारा : या गोळीमुळे तुमचं कोणतं काम अडतंय? मग ते उत्तर घेऊन डॉक्टरांकडे या.

काळजी घ्या.